सांगेपर्यंतचे वागणे

“मॅडम, वाईट बातमी माणसाला समोर बसवून, स्वतःच्या तोंडाने सांगावी, हे कळलं. पण सांगेपर्यंत त्याच्याशी कसं वागायचं?”

२०१२च्या जानेवारीत, भरल्या वर्गात, तियाना नावाच्या विद्यार्थिनीने ल्युबिंका स्तोयिल्कोविचला हे विचारले. मनुष्यबळ व्यवस्थापन आणि नेतृत्व हे विषय ती दक्षिण सर्बियातल्या त्या विद्यापीठात वीसेक वर्षे शिकवत आली होती. “तास संपला,” एवढेच ती म्हणाली. तास संपला नव्हता. पोरांनाही ते दिसत होते.

शहरातल्या पंपांच्या कारखान्याने माणसे कमी करायला घेतली, तेव्हा कोणाला ठेवावे याचे निकष तिच्याकडून मागवले होते. एकाच यंत्रावर हात बसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या कामगाराला त्यांत कमी गुण होते. डिसेंबरात संचालकाने फोनवर सांगितले, “तुमचा रादिसावही जातोय. नाताळ होईपर्यंत मात्र कुठे बोलायचं नाही.”

त्या कारखान्यात लेथवर काम करणारा रादिसाव तिचा कूम. तिच्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला, तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलेला. हे नाते रक्ताच्या नात्याच्याही वरचे. त्याच आठवड्यात त्याच्या घरची स्लावा होती, कुळाच्या संताचा, निकोलाचा दिवस. स्लावेला आमंत्रण देत नाहीत, आपणहून जायचे असते; आणि कूमच्या घरी न जाणे म्हणजे नातेच मोडणे. ती गेली. दारातच प्रसाद म्हणून दिलेला चमचाभर गोड गहू तिने घाईघाईने तोंडात टाकला.

“या कूमबाई! मास्तरीण आली रे, आता नीट बसा सगळे,” रादिसाव ओरडला. मासा वाढता वाढता तो तिच्याजवळ वाकला. “स्लोव्हेनियातून बोलावणं आलंय. लेथचंच काम. लगेच कळवायचंय. जाऊ का? तुझा तर हाच विषय.”

“घाई कशाला?” ल्युबिंका म्हणाली. “सणवार होऊ दे.”

तिकडचे थांबायला तयार नव्हते; तिच्या शब्दावर विसंबून त्याने नकार कळवला. सात जानेवारीचा तिथला नाताळ उलटताच कारखान्याने त्याला घरी बसवले.

तियानाने प्रश्न विचारला त्याच आठवड्यात ल्युबिंकाच्या घरची स्लावा आली, संत योवानची. हा संत कूमपणाचा राखणदार. कूम आल्याखेरीज स्लावेचा पाव मोडायचा नाही, ही तिच्या घरची रीत. पाहुणे ताटकळले. ती स्वयंपाकघरात उगाच झाकणे उघडत-मिटत राहिली. बऱ्याच उशिराने रादिसाव आला. मेणबत्तीसमोर उभा राहून त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, तिच्यासोबत पाव धरून फिरवला, मोडला. बसला मात्र नाही.

“त्या दिवशी तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“बोलायचं नाही, असं सांगितलं असेल तुला.”

“हो.”

“मग ‘मला विचारू नकोस’ एवढं तरी म्हणायचंस, कूमबाई! मी काय ते समजलो असतो. ‘घाई कशाला’ हे कुणी म्हणायला लावलं?”

पाहुण्यांनी माना ताटांत घातल्या. कुणीही लावले नव्हते. त्याच्या भरल्या घरात आपला चेहरा वाचला जाऊ नये, म्हणून तिच्या तोंडून ते निघाले होते. आणि अशा भित्रेपणाला ती वर्गात गोपनीयता म्हणत आली होती.

“पुढच्या वर्षीही येईन,” टोपी घालत तो म्हणाला. “संताचा मान आहे म्हणून. तुझ्यासाठी नाही.”

२०१३पासून त्या विद्यापीठात नेतृत्व हा विषय दुसरे प्राध्यापक शिकवतात. ल्युबिंकाने स्वतःहून वेतनरचना मागून घेतली आहे.