साडूंची मुलगी

ऑटिझम हा शब्द आम्ही फार पुढे ऐकला. ऐंशी सालाच्या आसपास गडहिंग्लजात माझ्या मुलीला लोक सरळ वेडी म्हणायचे. मी हायस्कुलात मास्तर, म्हणून माझ्या पाठीमागे म्हणायचे, एवढंच. सात वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर कपाळ आपटायची. घरात माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. पाहुणे यायचे त्या दिवशी बायको मुलीला घेऊन मागच्या दारानं शेजारच्या गोठ्यात जाऊन बसायची. ही व्यवस्था माझी होती.

कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, अशा मुलांचे आईबाप महिन्यातून एका रविवारी इथल्या एका बालवाडीत जमतात, तिथं जा. मी गेलो, एकटाच. सतरंजीवर आठ-दहा माणसं मुलांना घेऊन बसली होती आणि त्यात आमच्या गडहिंग्लजचेच एक व्यापारी दिसले. तेही स्वतःच्या नातीला मांडीवर घेऊन बसलेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बहिणीचं जमत आलेलं मोडेल, एवढंच सुचलं. माझी पाळी आली तेव्हा म्हणालो, "मुलगी माझ्या साडूंची. त्यांना रजा मिळत नाही, म्हणून मी आलो."

मलकापूरकडची एक शेतकरीण बाई मुलीला घेऊन आली होती. ती म्हणाली, "शिट्टी व्हायच्या आदी पोरीला घरामागं परड्यात न्यायचं. आन अंगावर जाड वाकळ टाकायची, दाबून."

"पण तिला माझ्या सदऱ्याशिवाय अंगावर काही चालत नाही," मी बोलून गेलो.

बाईनं एकवार माझ्या सदऱ्याकडे बघितलं आणि वाकळ कशी दाबायची ते सांगत राहिली.

घरी बायको दारातच उभी. "सांगितलंत सगळं आपल्या पोरीचं?"

"सांगितलं."

वाकळीवर सदरा पसरायची युक्ती बायकोची. मुलीच्या कपाळावरची जखम बरी झाली. मी दर महिन्याला जाऊ लागलो. "साडूंची पोरगी कशी हाय?" सगळे विचारायचे आणि मी इत्थंभूत सांगायचो. मधे बहिणीचं लग्न पार पडलं. तरी मी साडू सोडला नाही. मग कारण काय होतं, हे आज विचारलं तरी माझी मान खाली जाते.

वर्षानं बायको म्हणाली, "आता ती घरचीच माणसं झाली की. एकदा तिला घेऊन जा, नाहीतर मीच जाते." नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

एसटीत मुलगी माझ्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून बसली. मी मनात वाक्य घोकत होतो, साडूंनी पाठवलीय म्हणून. बालवाडीच्या दारात पोचलो. मलकापूरच्या बाईनं मुलीकडे बघितलं, तिच्या मुठीकडे बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आलं म्हणायचं साडू एकदाचं! या, बसा पावणं."

सगळे हसले. गडहिंग्लजच्या व्यापाऱ्यांनी सरकून जागा केली. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मला अवघडायला नको म्हणून ते वर्षभर साडूंची चौकशी करत होते.

"माझी आहे," मी म्हणालो.

"मोठ्यानं सांगा की," बाई म्हणाली. "पोरीला बी ऐकू जाऊ दे."