अर्धी टाकी

विमानात माणसांना किती पाणी लागतं हे मोजायला मी गेलो आणि झोपलेली माणसं मोजून परत आलो. चूक एवढीच. म्हणजे, एवढीच असती तर मी ती केव्हाच चारचौघांत रंगवून सांगितली असती. माझ्या फजितीच्या गोष्टी मीच सांगतो, लोक हसतात, चहा येतो. ही मात्र घरात, ऑफिसात, कुठेच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. आज तुम्हाला का सांगतोय? नक्की ठाऊक नाही.

मी बंगळुरात एका विमान कंपनीच्या इंधन बचत विभागात आहे. विमानं आता पर्यावरणाला कमी त्रास देणार म्हटलं की आमच्या मारतहळ्ळीच्या सोसायटीतल्या लोकांना वाटतं, उद्यापासून ती वड्याच्या उरलेल्या तेलावर उडणार. तसलं इंधन येतंय, हळूहळू. पण आमचं रोजचं काम म्हणजे निव्वळ चिंगूसपणा. धावपट्टीकडे जाताना एकाच इंजिनावर भागेल का? खाण्याच्या ट्रॉल्या हलक्या मिळतील का? सीटच्या खिशातलं मासिक कुणी वाचतं का? विमानातली प्रत्येक जड वस्तू वर न्यायला इंधन जळतं, आणि ते जादा इंधन वाहून न्यायला आणखी इंधन. हे समजल्यापासून मी जेवताना स्वतःच्या पोटाकडेही संशयाने बघतो.

तर पाणी. विमानाच्या पोटात पिण्याच्या-धुण्याच्या पाण्याची टाकी असते. ती सगळीकडे काठोकाठ भरायची पद्धत, आणि बरंचसं पाणी आकाशात फिरून परत यायचं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा झोप उडाली. आपण ढगांतून पाण्याला सहलीला नेतो? कशासाठी? आणि मग दुसरा प्रश्न — माणूस विमानात नेमकं किती पाणी वापरतो? हात किती वेळ धुतो? चूळ भरतो का?

मी मोजायचं ठरवलं. नागपूर-बंगळूर, सोमवारची सकाळची पहिली फ्लाइट. शेवटच्या रांगेत, टॉयलेटच्या दाराशी, वही घेऊन. कोण आत गेलं, किती वेळाने आलं, आत पाण्याचा आवाज किती वेळ — सगळं टिपत होतो. तिसऱ्या सोमवारी एका बाईंनी हवाईसुंदरीला बोलावून हळूच सांगितलं, तो माणूस दाराकडे टक लावून बसलाय. हवाईसुंदरीने मला पुढची जागा देऊ केली. मी ओळखपत्र दाखवलं. मग ती जास्तच घाबरली.

पण माझे आकडे सुंदर आले. जवळजवळ कुणी उठतच नव्हतं. टाकी अर्धी भरली तरी जाऊन-येऊन पुरेल, असं गणित निघालं. सोमवार सकाळची ती सगळी आयटीची पोरं गळ्यात उशी अडकवून, तोंड उघडं टाकून झोपलेली असतात, झोपलेला माणूस हात धुवत नाही — हे माझ्या डोक्यात का आलं नाही? हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. सुंदर आकडा हातात आला की माणूस त्याची जास्त चौकशी करत नाही, एवढंच उत्तर मिळतं.

आमच्या विभागाच्या मॅडमनी गणित बघितलं, आणि कमी पाणी भरून बघायच्या चाचणीच्या तक्त्यात नागपूरसमोर लिहिलं: पाऊण टाकी. मी हटून बसलो तेव्हा म्हणाल्या, "पाऊण. शहाणपणा नको." मला ते लागलं. पुढच्या आठवड्यात वरिष्ठांसमोर माझं सादरीकरण होतं, आणि पडद्यावर पाऊणपेक्षा अर्धी किती देखणी दिसली असती.

आता मुनियप्पांबद्दल सांगतो. इथे अडखळतोय, थोडं सांभाळून घ्या.

मुनियप्पा अण्णा विमानांना पाणी भरायचे. ट्रक विमानाखाली लावायचा, पाइप जोडायचा, काट्यावर नजर ठेवायची. बरीच वर्षं हेच काम. पाइप जोडण्याआधी ओंजळीत थोडं पाणी घेऊन स्वतः चव बघायचे. नियमात तसं काही नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, लहान मुलं पिणार, बघायला नको? आमचं बोलणं मोडक्या हिंदीत आणि माझ्या त्याहून मोडक्या कन्नडमध्ये चालायचं. माझ्या प्रश्नांना न कंटाळणारा विमानतळावरचा तो एकच माणूस.

त्या दिवशी मी त्यांच्या ट्रकपाशी गेलो. त्यांच्या हातात तक्ता होता. मी म्हणालो, "अण्णा, आज स्वल्प कमी. अर्धीच भरा." त्यांनी तक्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पेपर, सर?" मी म्हणालो, लेखी पेपर नंतर देतो. चाचणी आहे म्हटल्यावर विमानातल्या लोकांनीही विचारलं नाही. अर्ध्या टाकीवर विमान नागपूरला गेलं.

आणि परत येताना त्यात वऱ्हाड बसलं.

माझ्याच बायकोच्या मावशीच्या मुलाचं लग्न, मुलगी बंगळुरातली. रेल्वेने कशाला हाल करता, विमानाने या, असा आग्रह मीच केला होता. त्यांना घ्यायला संध्याकाळी मीच जाणार होतो. म्हणजे ते त्याच विमानाने येतायत हे मला पक्कं ठाऊक होतं. पण वहीत ते 'प्रवासी' होते. प्रवासी झोपतात.

वऱ्हाड झोपलं नाही. विमान वर गेल्याबरोबर डबे उघडले. पुऱ्या, सांभारवडी, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू. डावं-उजवं सगळं हाताने, आणि तेलकट. मग सगळे ओळीने हात धुवायला. नंतर मुलांचे हात, मग रिकामे डबेही एकीने विसळले म्हणे. अर्ध्या वाटेत नळ कोरडे. चहा बंद, टॉयलेट बंद. हात धुवायच्या रांगेत मावशी मागे राहिल्या होत्या. खरकटा उजवा हात वर धरून त्या तशाच बसून राहिल्या, कशाला म्हणून शिवल्या नाहीत. बेल्टसुद्धा हवाईसुंदरीने लावला. बाहेर आल्या तेव्हाही हात तसाच.

"काहून जावई," त्या म्हणाल्या, "तुमच्या इमानात हात धुवाले पानी नाही?"

सगळे हसले. मीही हसलो. पुढे हा प्रसंग मी अनेकदा सांगितला, मावशींच्या हाताची नक्कल करून. पाणी का संपलं होतं, तेवढं वगळून.

पण त्या विमानात एक आजारी आजोबाही होते. टॉयलेट बंद, तासभर त्यांचे हाल झाले. त्यांच्या मुलाने लेखी तक्रार केली. चौकशी लागली.

छोटी खोली होती. मॅडम, विमानतळाच्या कामाचे एक अधिकारी, मी लॅपटॉप उघडून बसलेला, आणि मुनियप्पा उभे. त्यांना खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. त्यांनी सरळ सांगितलं, सरांनी अर्धी म्हणून सांगितलं. मॅडम माझ्याकडे वळल्या. तुम्ही सांगितलं होतं?

मला सादरीकरण दिसलं, बढती दिसली, मॅडमचं "शहाणपणा नको" ऐकू आलं. आणि मी म्हणालो —

मी म्हणालो, "तक्त्यात पाऊण आहे. मी तक्त्याबाहेरचं काही सांगितलं नाही."

हे ते वाक्य. याच्याभोवती मी इतका वेळ घुटमळत होतो.

मला वाटलं होतं, मुनियप्पा चिडतील, भांडतील. कदाचित मला तेच हवं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हातातली टोपी नीट केली आणि म्हणाले, "सरी, मॅडम." म्हणजे, ठीक आहे.

त्यांना पाण्याच्या ट्रकवरून काढलं आणि टॉयलेटचा मैला उपसायच्या ट्रकवर टाकलं. पगार तोच. पण मैल्याच्या ट्रकवरच्या माणसाने पिण्याच्या पाण्याच्या पाइपला हात लावायचा नाही, हा नियम कडक, आणि योग्यही. ओंजळीने पाण्याची चव बघणाऱ्या माणसाला आता त्या ट्रकच्या जवळ जाता येत नव्हतं. दुपारी ते कॅन्टीनमध्ये बसायचे बंद झाले. कुणी मनाई केली नव्हती. भिंतीच्या सावलीत एकटेच डबा खायचे.

चाचणी यशस्वी झाली. आता आम्ही सोमवार वेगळा धरतो, लग्नसराई वेगळी, लहान मुलं वेगळी. पाणी खरंच कमी जातं, वजन कमी, तेवढा धूर कमी. मला ते अजूनही विलक्षण वाटतं, हात धुण्याच्या सवयीवरून आकाशातला धूर ठरतो. लोक याला माझा तक्ता म्हणतात. बढती मिळाली. मुनियप्पा अजून त्याच ट्रकवर आहेत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. ट्रक धुवून झाला होता, ते हातमोजे काढत होते. मी सगळं सांगितलं. अर्धी मीच सांगितली होती, चौकशीत खोटं बोललो, तुमच्या डोळ्यांदेखत बोललो. बरंच लांबवलं असणार, मला सवय आहे. त्यांनी मोजे उलटे करून कठड्यावर वाळत घातले, आणि मग म्हणाले, "तुम्ही अर्धी म्हणालात तेव्हा मी तिथेच उभा होतो, सर. जे नव्हते त्यांना सांगा."