उरलेलं अर्धं वादळ

त्या सुताराला सगळे फळीवालेच म्हणायचे. समुद्रकाठच्या गावात त्याची हयात चक्रीवादळाआधी लोकांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकण्यात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो बायकोला घेऊन लेकीकडे राहायला आला, समुद्रापासून लांब, सपाट मुलखात. इथलं वादळ म्हणजे टोर्नाडो. फळीवाल्याने त्याला पहिल्या दिवसापासून हिणवलं.

"चहा उकळेपर्यंत आटपतं, त्याला काय वादळ म्हणायचं?" तो लेकीला म्हणायचा. "आमचं बघ. आधी चार दिवस वर्दी देतं, आलं की मुक्काम ठोकतं. अख्खा जिल्हा पाण्याखाली."

"बाबा, इथलं वर्दी देत नाही. भोंगा वाजला की धावत तळघर गाठायचं. टापू लहान असतो, पण वारा तुमच्याहून जबर. एका घराच्या चिंध्या होतात आणि शेजारच्यांचे दोरीवरचे कपडे जागच्या जागी."

"तळघर!" बायको कपाळाला हात लावायची. "आमच्याकडे वादळात खाली बसलेला बुडूनच मरायचा."

माणूस हेकट, पण हात गप्प बसेनात. तळघराचं दार त्याला कचकड्याचं वाटलं, म्हणून जाड फळ्यांचं नवं केलं आणि आतून लाकडी अडसर घातला.

एक गोष्ट मात्र तो थट्टेत कधी आणत नसे. त्याच्या लहानपणी चक्रीवादळ ऐन भरात असताना वारा एकदम पडला, आभाळ निळं झालं. वडील छप्पर बघायला बाहेर गेले. तो वादळाचा डोळा होता, मधली शांत जागा. मग वारा उलट्या बाजूने आला आणि वडील परत आले नाहीत. तेव्हापासून घरात एकच कायदा: वारा पडला तरी दार उघडायचं नाही, अजून अर्धं यायचं असतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वादळात त्याने हे बायकोकडून घोकून घेतलं होतं.

भर दुपारी भोंगा वाजला तेव्हा बायको मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडे पिळत होती. "एवढं वाळत घालते आणि आलेच," ती ओरडली. वादळाची वर्दी मिळाल्यावर घर आवरायला चार दिवस असतात, हे तिच्या अंगात मुरलेलं. लेक तिला आणायला निघाली, तेवढ्यात खिडक्या फुटल्या. फळीवाल्याने लेकीला दंडाला धरून खाली ओढलं आणि अडसर घातला.

डोक्यावर घर कडाकडा मोडत होतं. आणि मग एकदम शांत.

लेक दाराकडे झेपावली. तो अडसराला पाठ लावून उभा राहिला.

"बाबा, आई बाहेर आहे!"

"तिला सगळं ठाऊक आहे. असेल तिथे दबून बसेल. तूही बस. अर्धंच गेलंय."

"इथे अर्धं नसतं हो! हे आलं तसं पुढे निघून जातं!"

"माझ्या बापालाही तसंच वाटलं होतं."

तिने त्याच्या छातीवर मुठी आपटल्या. बायकोसाठी त्याचाही जीव तुटत होता, पण तो हलला नाही. उलट्या वाऱ्याची वाट बघत तो कान लावून उभा राहिला. बऱ्याच वेळाने वर एक पाखरू चिवचिवलं, तेव्हा त्याने अडसर काढला.

शेड भुईसपाट झाली होती. बायकोला पत्र्याखालून काढून अंगणात ठेवलं होतं, तोंडावरून ओढलेली तिचीच ओली चादर. शेजारचा ड्रायव्हर आणि दोन अनोळखी माणसं खाली मान घालून उभी होती.

"त्या शुद्धीत होत्या," ड्रायव्हर म्हणाला. "पायातून रक्त वाहत होतं. पत्रा मला एकट्याला उचलेना. म्हटलं, घरातल्यांना हाक मारतो. तर माझा हात घट्ट धरला. म्हणाल्या, 'त्यांना बोलावू नका. माझ्यासाठी दार उघडतील ते. अर्धंच गेलंय अजून.' मग मी पलीकडच्या गल्लीत माणसं शोधायला पळालो."

लेकीने बापाकडे पाहिलं नाही. फळीवाला बायकोच्या उशाशी बसला. संध्याकाळपर्यंत साधी झुळूकसुद्धा आली नाही.