दादांचा पारा आणि आमची झोप

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणीच कुणाशी भांडत नव्हतं, आणि मला त्यात काहीही संशयास्पद वाटलं नाही.

एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. मी नुकतीच नर्स होऊन जामखेडच्या एका दवाखान्यात लागले होते. घर खर्ड्याला. पांढरी साडी नेसून एस.टी.तून उतरले की आपण जमिनीच्या चार बोटं वरून चालतोय असं वाटायचं. (खाली धुळीत चालणारी सुशी निराळी, मी निराळी!)

आणि अशा या नर्सच्या घरीच, आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, रक्तदाब भयंकर निघाला. माझे काका आदल्याच वर्षी सकाळी उठले ते अर्धं अंग लुळं पडून, आणि त्यातच गेले. दादांच्या दंडाला पट्टा बांधून मी फुगा दाबला, पारा वर वर निघाला, आणि मी त्यांना तडक डॉक्टरांपुढं नेलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, "रोज एक. थोडी गुंगी येईल, माणूस जरा मवाळ होईल. घाबरू नका."

दादा आणि मवाळ! त्यांनी बैलाला हाक मारली की किल्ल्यावरची कबुतरं उडायची.

घरी येऊन मी भाषण ठोकलं. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, चिडायचं नाही. "आणि दादा, गोळी रोज संपली पाहिजे!"

"संपंल की! आपल्या घरात काय उरतंय का कधी?"

ते मात्र खरं होतं. एकट्यानं खाणं दादांना ठाऊकच नव्हतं. एक पेरू आणला तरी त्याच्या फोडी वाघ्या कुत्र्यापर्यंत पोचायच्या.

मग दर रविवारी मी दवाखान्यातलं यंत्र पिशवीत घालून यायची. ओसरीवर दादा माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे, वर तांब्याभर पाणी. मग मी पट्टा बांधायची.

"दादा, आता बोलायचं नाही. शांत बसायचं."

"गपच हाय की मी! ए किसन्या, वैरन टाकली का? सुशे, कुठवर चढलाय गं पारा?"

पारा होता तिथंच! एक रेघ खाली यायला तयार नाही. पण बाकीच्या घरात काय बहार होती! आई आणि आमच्याकडेच राहणारी आत्या यांचं विस्तव नि दारूचं नातं. त्या दोघी लिंबाखाली गहू निवडत बसलेल्या.

"वन्सं, तुमचं केस किती मऊ हायेत हो!"

"वहिनी, तुमचं पिठलं लई ग्वाड असतंय."

(पिठलं! बिनमिठाचं!) माझा भाऊ किसन बांधावर आडवा पडून आभाळाकडं बघत होता. "तायडे, एक बी ढग न्हाई बघ. कसं मोकळं मोकळं वाटतंय!" पाऊस नाही म्हणून अख्खा तालुका कपाळाला हात लावून बसला होता, आणि आमच्या शेतकऱ्याला मोकळं वाटत होतं! वाघ्या पोस्टमनच्या पायावर डोकं ठेवून घोरत होता.

हा सगळा माझ्या भाषणाचा प्रताप, अशी माझी खात्री झाली. डॉक्टरांना मी ऐटीत सांगितलं, "मीठ कमी केल्यापासून घर सुधारलंय. फक्त पेशंट सुधारत नाही." त्यांनी गोळी दुप्पट केली.

परतीच्या एस.टी.त मला फार सुंदर झोप लागायची. स्वप्नात लांबच लांब पांढराशुभ्र वॉर्ड. खिडक्यांतून गार वारा. खाटाखाटांवरून पारा ओढ्यासारखा झुळझुळ खाली येतोय, आणि मेट्रन झालेली मी त्यात पाय सोडून बसलेय. तेवढ्यात कंडक्टर हलवायचा. "ओ सिस्टर, आष्टी आली! जामखेड कवाच मागं ऱ्हायलं!" दर रविवारी हेच. मी समजायची, सेवेचा शीण आहे.

गोळी दुप्पट झाल्यावरच्या रविवारी आले तर भर दुपारी घर चिडीचूप. आई-आत्या एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपलेल्या. किसन बैलाला टेकून. अंगणातल्या कुरडया शेळी सावकाश खात होती, आणि तिच्यामागं लालबुंद होऊन धावत होते एकटे दादा!

पट्टा बांधला. पारा नळीतून बाहेर पडतो की काय, इतका चढला. मला रडूच फुटलं. "दादा, गोळ्या घेताय ना? खरं सांगा. काकांसारखं झालं तर मी काय करू हो?"

दादा एकदम विरघळले. "घेतो की, पोरी. गुळात कुटतो, समद्यांना देतो, बोटाला लागंल ते मी चाटतो."

"समद्यांना?"

"मग? येवढं भारी अवशद, एकट्यानं खाऊ? भाऊ गेला माजा. उद्या तुमच्यातल्या कुनाला झालं म्हंजे?"

सगळा राग मी झोपलेल्यांवर काढला. "उठा! दुसऱ्याचं औषध खाता? अकला कुठं गहाण टाकल्यात?"

आईनं एक डोळा उघडला. "आमाला काय बोलतीस? तू बी खातीस की दर रईवारी. त्यो गूळ."

मी पट्टा माझ्याच दंडाला बांधला. नर्सिंगच्या पुस्तकात छापावा असा सुरेख रक्तदाब!

लगोलग मी लिमलेटच्या गोळ्यांची पुडी आणली. रोज सकाळी सगळ्यांनी ओळीनं बसायचं, प्रत्येकाला एक लिमलेट, दादांना दवाखान्यातली. "समदे घेत्यात ना? मग मी बी घेतो," म्हणाले, आणि गपकन गिळली.

काही आठवड्यांनी एका रविवारी पारा उतरला. दादा लिंबाखाली लहान पोरासारखे झोपले होते, आणि माझे डोळे आनंदानं वाहत होते. आतून आवाज येत होता, "ह्याला काय पिठलं म्हनत्यात, वहिनी?" "मग तुमीच करा की, वन्सं!" घर ठिकाणावर आलं होतं!

संध्याकाळी एस.टी.त मी ताठ बसले. गुळाला शिवलेसुद्धा नव्हते. डोळे टक्क उघडे. कंडक्टर आला, आणि मी तोंड उघडायच्या आत तिकीट फाडून माझ्या हातात ठेवलं.

"आष्टी. झोपा निवांत, सिस्टर, आली की उठवतो!"