कांबळे सिस्टरांची गौरव्वा

कॉलेजात रुग्णाशी बोलायला शिकवणारी परदेशी सीडी आली त्या दिवशी कांबळे सिस्टर संगणकाशी भांडल्या. पडद्यावरची रुग्ण बाई प्रत्येक प्रश्नाला हसून, स्वच्छ इंग्रजीत उत्तर देत होती. "असला पेशंट मी जन्मात बघितला न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "आपला पेशंट आधी तुमाला जोखतो, मग तोंड उघडतो. मास्तर, ह्यात आपली मानसं घालता येतील का?"

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. कोल्हापुरातल्या त्या नर्सिंग कॉलेजात मी संगणक शिकवायचो, सिस्टर तिथल्या जुन्या शिक्षिका. आम्ही दोघांनी मिळून पडद्यावरची आपली रुग्ण, गौरव्वा, तयार केली. गडहिंग्लजकडची लिंगायत म्हातारी, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. फोटोखाली तिच्याशी बोलायची तीन बटणं, आवाज सिस्टरांचा. नुसता आवाज घ्यायचा, तरी त्या डोक्यावर पदर घेऊन माइकसमोर बसायच्या. ऑपरेशनआधी शिकणाऱ्या मुलीनं 'डबी काढा' हे बटण दाबलं की गौरव्वा गप्प व्हायची. मग कुठलंच बटण चालायचं नाही.

"निदान रागावू दे की तिला," मी म्हणालो.

"न्हाय. ती गप्पच बसली हुती." मग त्यांनी सांगितलं.

एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. सिस्टर तेव्हा वॉर्डात होत्या. ऑपरेशनची घाई, म्हणून त्यांनी एका म्हातारीच्या गळ्यातला दोरा कापला, डबी कपाटात ठेवली. म्हातारी वाचली, पण पाणी द्यायला गेलं की तोंड फिरवायची. "मला वाटलं, हिला माझी जात कळली. मग मी बी हट्टाला पेटले. दोन दिवस तशीच सलाईनवर. तिसऱ्या दिवशी सून आली. म्हणाली, लिंगपूजा झाल्याबिगर त्या पाणी बी घेत न्हाईत. डबी बांधली, पूजा झाली, आनि म्हातारीनं पाणी मागितलं. माझ्याच हातनं. 'आज्जी, का नको?' एवढंच इचारायचं हुतं, मास्तर."

पुढं मुलींनी वह्या केल्या. लिंगायत असेल तर हे, मुसलमान असेल तर ते, बौद्ध असेल तर आणखी काही. एकीनं वर्गात सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. सिस्टरांनी तिची वही मिटली आणि माझ्याकडून गौरव्वाची उत्तरं बदलून घेतली. पुढच्या आठवड्यात तीच म्हातारी म्हणाली, "काढा की बाई, जिवापरीस मोठं हाय व्हय? पर माझ्या लेकाच्या हातात द्या."

"मॅडम, मागच्या वेळी उत्तर वेगळं होतं!"

"पेशंट बी येगळा हाय. जात पाठ करून मानूस कळतोय व्हय? इचारा की!"

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी आम्ही दोघंच संगणकाच्या खोलीत होतो. अचानक त्या म्हणाल्या, "मास्तर, इतकी वर्सं मी जेवणाचा डबा उघडला की तुमी काहीतरी काम काढून भाईर जाता. का ओ?"

मी पित्ताचं निमित्त सांगितलं. "बरं," म्हणून त्या उठल्या.

आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शेवटी त्यांच्या घरी गेलो आणि खरं ते सांगितलं. लहानपणापासून आमच्या घरात कुणाच्या हातचं खाणं चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, जे शिकवलं होतं, ते सगळं. मी तोंडानं कधी म्हटलं नव्हतं, पण पाळत आलो होतो. सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन त्यांनी ताट वाढून आणलं. मी जेवलो. माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. माफी मागायचं धाडस मलाही झालं नाही.