पुसलेला ठिपका

फोटोकाकांच्या दुकानातून माणूस बाहेर पडे तो थोडा गोरा आणि बराच सज्जन होऊन. पुटकुळ्या, डाग, लग्नावर नाराज असलेल्या आत्यांच्या आठ्या, सगळं ते संगणकावर पुसत. शाळेच्या ओळखपत्रांचं कामही त्यांच्याकडेच.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरीणबाई शाळेत व्याख्यानाला आल्या, तेव्हा फोटो काढायला अर्थातच काका. बाईंनी पडद्यावर नकाशा दाखवला. लहान मुलांच्या कॅन्सरचं प्रमाण शहरात बरंच, आमच्या जिल्ह्यात नावापुरतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आमच्याकडची हवाच तशी आहे," अध्यक्ष म्हणाले.

"हवेचं नाही हो. आजार इथेही होतो, फक्त कुणी शोधत नाही."

टाळ्या जिरल्या. पुढचं चित्र एका बाळाचं होतं. फ्लॅशमुळे एक डोळा लाल, दुसऱ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. "असं दिसलं की लगेच डॉक्टर गाठा. डोळ्यातला कॅन्सर असू शकतो."

काकांनी कॅमेरा खाली घेतला. शिंपीणबाईंच्या धाकटीचा बालवाडीचा फोटो त्यांनी काही महिन्यांपूर्वी केला होता. एक डोळा लाल आला होता, एक पांढरा. त्यांनी दोन्ही काळे करून दिले होते.

सत्काराचा फोटो राहिला. अध्यक्ष अजून घुश्शात आहेत. काका शिंपीणबाईंकडे निघाले, दुकानाचं कुलूप बघायला अर्ध्या वाटेतून परतले, कुलूप लागलेलं होतं, पुन्हा निघाले.

"ताई, छोटीच्या डोळ्यात कधी पांढरं काही दिसलं?"

शिलाई मशीन थांबलं. "दिसायचं की. दिवा लावला की मांजरासारखं चमकायचं. दाखवून आणणार होते. मग तुमचा फोटो आला, डोळे कसे स्वच्छ! म्हटलं, आपल्यालाच भास होतात. कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

"कॅमेरा नाही बोलला," काका म्हणाले. "मी बोललो."

शहरातल्या इस्पितळात पोर वाचली, डोळा गेला. आणखी लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. काका तिथेच, भिंतीला टेकून उभे होते.

शिंपीणबाई त्यांना टाकून बोलल्या नाहीत. फक्त एकदा विचारलं, "काका, अजून कुणाकुणाचे डोळे काळे केलेत?"

काकांना सांगता येईना. मूळ फोटो ते ठेवतच नसत, उगाच जागा अडते म्हणून.

हल्ली ते दारोदार जाऊन लहान मुलांचे फुकट फोटो काढतात आणि आहेत तसेच देतात. लोक चुकचुकतात, काकांच्या हातातली सफाई गेली म्हणून. काका मान हलवतात आणि पुढच्या पोराला म्हणतात, "इकडे बघ राजा, डोळे मोठे कर."