फक्त हातांचा फोटो

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात शाईची पेनं बनायची. तिथे आम्ही पाच बायका निबा तपासायचो. निब शाईत बुडवून कागदावर इंग्रजी आठ काढायचा आणि ती कुठे खरखरतेय ते बोटांनी ओळखायचं.

जेल पेनांनी धंदा खाल्ला, तेव्हा शेठनी कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका काढायला घेतली. त्यांच्या आजोबांनी पहिलं पेन घडवलं, वडिलांनी लेथ आणली, शेठनी गाळा घेतला, असं सगळं त्यात होतं. आमच्याबद्दल एक ओळ नव्हती. पुस्तिकेत निब तपासतानाचा एक फोटो हवा होता, म्हणून फोटोवाला आला आणि मला म्हणाला, "ताई, फक्त हात द्या. चेहरा नको."

"चेहऱ्यासकट घ्या, नाहीतर हातही मिळणार नाहीत."

शेठ वैतागले. "एवढ्याशा गोष्टीवरून काय, ताई?"

"एवढीशीच आहे, तर घ्या ना चेहरा."

नोकरी जाईल अशी भीती होती, पण मी हलले नाही. बाकीच्या चौघींनीही हात पदराखाली घेतले. शेवटी शेठच्या सुनेचे हात छापले गेले. तिने निब उलटी धरली होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून ते शेठना सांगितलं.

शेठ तणतणत आमच्या टेबलापाशी आले. "तुम्ही तिथेच होतात. बोलला का नाहीत?"

"इतिहास तुमच्या घरचा होता, शेठ."

दुसरी पुस्तिका काही निघाली नाही. आम्हा पाचजणींना मात्र कोणी कामावरून काढलं नाही, कारण निबा तपासणारं दुसरं कोणी नव्हतंच.